सांगलीत बसून ऑनलाइन आरपीजी बनवतोय: लढाई जमली, बाजार हाताबाहेर गेला

हळकुंड · शुक्रवार, रात्री ११:४२

आम्ही तिघं मिळून एक छोटा ऑनलाइन फँटसी आरपीजी, म्हणजे आपलं एक पात्र घेऊन खेळायचा साहसी गेम, बनवतोय. तिघंही सांगलीचे, दोघं नोकरी सांभाळून, एक अजून कॉलेजात. नाव विचारू नका, ठरलेलं नाही. फोल्डरचं नाव सध्या 'नवीन गेम फायनल खरंच फायनल' आहे.

जग नदीकाठचं आहे. यक्ष आहेत, वेताळ आहेत, पाणभुतं आहेत. बर्फाचे डोंगर आणि ड्रॅगन नाहीत, ते जगाने भरपूर केलेत. डंजनच्या, म्हणजे राक्षस भरलेल्या भुयारांच्या, जागी पेवं आहेत. बाहेरच्यांसाठी सांगतो: हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत ऐसपैस पोट. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कोणी आत उडी मारत नाही, हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं.

हे आम्ही जसंच्या तसं उचललंय. पार्टीतल्या, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या टोळीतल्या, एकाच्या हातात कंदील हवाच, आणि त्या हातात मग शस्त्र धरता येत नाही. ज्योत बारीक होत गेली की सगळ्यांचा दम कमी भरतो, वैदूचा मंत्रही उशिरा लागतो. त्यामुळे ढालवाला पुढे, वैदू मागे आणि कंदीलवाला मध्ये अशी रांग पोरं आपसूक लावायला लागली. आम्ही कुठेच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ती रांग बघितली त्या रात्री आम्ही तिघं बराच वेळ नुसते स्क्रीनकडे बघत होतो.

गेम बनवायचं इंजिन गोडो ४, सर्व्हर वेगळा लिहिलाय, डेटाबेस पोस्टग्रेस. लढाई टिकवर चालते. दर ६०० मिलिसेकंदांनी सर्व्हर सगळ्यांच्या चाली एकदम सोडवतो.

आता दुखणं. चाचणीला ओळखीपाळखीची तीसेक पोरं घेतली. सुरुवातीला लोखंडी तलवार ४० मोहरांना जायची. महिना व्हायच्या आत तीच ९०० ला. आता तर मोहरा कोणी घेतच नाही, पोरं वेताळाचे दात देऊन व्यवहार करतात. आमच्यातला एकजण म्हणतो राक्षसांकडून मिळणारा माल निम्मा करू. मला पटत नाही. अर्धा तास जीव काढून पेवातला वेताळ मारला आणि हाती दोन मोहरा लागल्या, तर उद्या परत कोण येईल?

जाणकारांनी झोडपावं.

भडंगप्रेमी · रात्री ११:५८

भडंग घेऊन बसलोय. कंदील म्हणजे नाद खुळा!

अजिंक्यताऱ्याखाली · शनिवार, सकाळी ८:१५

सातारकर आहे, त्यामुळे सांगलीकरांचं कौतुक जपूनच करतो. पण कंदील खरंच भारी.

पोवई नाक्याजवळ एका कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही रुनस्केप खेळायचो. केंब्रिजच्या गावर बंधूंनी २००१ मध्ये काढलेला गेम, जावावर ब्राउझरमध्येच चालायचा. कॅफेवाला काही इन्स्टॉल करू द्यायचा नाही, म्हणून आमच्या नशिबी तोच. त्याची टिकही तुमच्यासारखीच, ०.६ सेकंदाची. डोळे मिटून झाडं तोडायची, लाकडं विकायची, त्यातून चिलखत घ्यायचं. आणि ते चिलखत घालून वाइल्डरनेसमध्ये जायचं, जिथे दुसरा खेळाडू तुम्हाला मारून ते काढून घेऊ शकायचा. छातीत धडधड व्हायची ती खरी.

मुद्द्यावर येतो. खऱ्या पैशांत सोनं विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणून डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने वाइल्डरनेसमधली ती लूटमार काढली आणि देवघेवीला असा लगाम घातला की दोस्ताला महागडी कुऱ्हाड फुकट देता येईना. आमचा अर्धा कॅफे रिकामा झाला. २०११ च्या फेब्रुवारीत दोन्ही परत आणलं. पुढे २०१३ मध्ये तर लोकांचं मत घेऊन ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून जुना गेमच वेगळा उभा केला. तो अजून जोरात चालतो, आणि तिथे नवं काही आणायचं तर आधी खेळाडूंचं मतदान होतं.

तेव्हा काहीही करा, पोरांच्या आपसातल्या व्यवहाराला कुलूप लावू नका.

वेताळाच्या दातांचं मात्र नवल नाही. डायब्लो २ मध्ये सोन्याला कोणी विचारत नव्हतं, 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची अंगठी हेच लोकांचं चलन झालं होतं. पैसा सडला की लोक आपला पैसा आपणच शोधतात.

सर्व्हरमामा · सकाळी ९:४०

मूळ मिरजेचा, सध्या पुण्यात. पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो.

महागाई म्हटलं की माझा पहिला संशय डुपवर, म्हणजे एका वस्तूच्या चुकून दोन होण्यावर. आणि डुप बहुतेक वेळा देवघेवीच्या खिडकीत सापडतो. एकाने दुसऱ्याला तलवार दिली. घेणाऱ्याच्या पिशवीत ती लिहिली गेली, आणि देणाऱ्याच्या पिशवीतून खोडायच्या आत त्याने वायर उपटली किंवा सर्व्हर पडला. परत आत आला तर तलवार दोघांकडे. दोन्ही पिशव्यांतला बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवा, झाला तर दोन्हीकडे, नाही तर कुठेच नाही. शिवाय प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक द्या आणि एक क्रमांक एकाच पिशवीत असं बंधन डेटाबेसमध्येच घाला. कोडमध्ये घातलेलं बंधन रात्री दोन वाजता कोणीतरी काढतं.

दुसरं, क्लायंटचा, म्हणजे खेळाडूच्या मशीनवरच्या गेमचा, शब्द खरा मानायचा नाही. 'मी ५०० चा घाव घातला' असं त्याने कळवायचंच नाही. 'मी या वेताळावर वार करतोय' एवढंच कळवावं. अंतर पुरतं का, तलवार हातात आहे का, घाव किती बसला, हे सगळं सर्व्हरने ठरवायचं. नाहीतर एखादं हुशार पोरगं मेमरीतला आकडा बदलून एका फटक्यात पेव साफ करेल.

६०० ची टिक ठेवलीत ते शहाणपणाचं. टीसीपीत, म्हणजे डेटा क्रमाने पोचवायच्या पद्धतीत, डेटाचं एक पॅकेट हरवलं की मागची सगळी खोळंबतात. नेमबाजीच्या गेमला ते परवडत नाही, तुम्हाला चालून जाईल. तासगावकडच्या वस्तीवरचा मोबाइल डेटासुद्धा ६०० मध्ये बसतो. सर्व्हर फक्त मुंबईत ठेवा. स्वस्त मिळतो म्हणून युरोपात नेऊ नका.

एक इशारा. तीस जण एका घाटावर जमले आणि प्रत्येकाची हालचाल प्रत्येकाला कळवायची म्हटलं तर टिकमागे ९०० निरोप. तीनशे जमले की ९०,०००. माणसं दहापट, निरोप शंभरपट. नकाशाचे चौकोन पाडा, ज्याला जे दिसतं तेवढंच त्याला कळवा. तरीही सगळे एकाच चौकोनात येऊन नाचणार, ते येतातच. म्हणून एकेकाला जाणारे एका टिकचे निरोप एका गठ्ठ्यात बांधा.

हळकुंड · दुपारी २:२०

मामा, दंडवत. ट्रान्झॅक्शन आणि क्रमांक पहिल्यापासून आहेत. पण तुमच्या संशयावरून आज सकाळी बसून खतावणी काढली: मोहरा कुठे जन्मतात आणि कुठे मरतात.

डुप नाही. शंभरातल्या ऐंशीच्या आसपास मोहरा एकाच दुकानदाराच्या हातून आल्यात. हा दुकानदार म्हणजे प्रोग्राम. नगरपेठेत बसतो, रानडुकराचं कातडं सहा मोहरांना घेतो. कितीही घेतो, कधीही घेतो. पोरं पेवात उतरायचं सोडून जंगलात डुकरं मारत बसलीत, काहीजण तर एका हाताने जेवत. खर्चाच्या बाजूला कंदिलाचं तेल, दुरुस्ती, होडीचं भाडं सगळं धरून शंभरातल्या दहाच्या खाली.

याच खतावणीत एक गंमत निघाली. माझी मावसबहीण चाचणीत आहे. तिने आजवर एकही राक्षस मारलेला नाही. पेठेतून दोन मोहरांना तेलाची कुपी घेते आणि पेवाच्या तोंडाशी बसून वीसला विकते. ज्याची ज्योत बारीक झालीय तो धापा टाकत वर येतो आणि मुकाट्याने देतो. गेममधली सगळ्यांत श्रीमंत बाई तीच आहे.

अडत्याचा_पोरगा · दुपारी ३:०५

मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर बसून वाचतोय. गेम मी फार खेळत न्हाई, पण तुझा ह्यो दुकानदार बघून डोकं फिरलं. आरं मर्दा, असलं गिऱ्हाईक आम्हाला कुठं भेटंना! कितीबी माल आणा, एकच भाव?

सौद्याला शंभर पोती आली तर एक भाव, दोन हजार आली तर दुसरा. खरेदीदार पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो, नाक मुरडतो, मग आकडा बोलतो. तुझा दुकानदार आवकबी बघत न्हाई आणि मालबी बघत न्हाई. त्याच्याकडं कातडं जितकं साचंल तितका भाव उतरव. डुकरं मारून पोट भरंना झालं की पोरं आपोआप पेवाकडं वळत्यात.

आणि तुझ्या पेठेत अडत, तोलाई, हमाली कायच कापत न्हाईत व्हय? ते लाव, मोहरा कमी होत्यात का न्हाई बघ.

तुझ्या भैनीला मात्र आमच्या पेढीवर बसव. मानलं.

शंकासुर · दुपारी ४:३०

आवकीचा मुद्दा सोळा आणे. रुनस्केपच्या दुकानांत हेच होतं, दुकानात माल साचला की भाव उतरतो आणि साठा ओसरला की हळूहळू चढतो.

अडतीचं मात्र गणित चुकतंय. अडत कापल्याने यार्डातला पैसा कमी होत नाही, तो अडत्याच्या खिशात जातो आणि त्यातून नवी गाडी येते (हलकेच घ्या). गेममध्ये कापलेली मोहर कोणाच्याच खिशात जाता कामा नये, ती जळालीच पाहिजे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या लिलावघरात विक्रीवर ५ टक्के कापतात, ते कोणालाच मिळत नाहीत. जुन्या रुनस्केपच्या बाजारात डिसेंबर २०२१ पासून कर आहे, सुरुवातीला तो १ टक्का होता. त्यातल्या काही पैशांतून कंपनी बाजारातल्या वस्तूच विकत घेऊन नष्ट करते. म्हणजे पैसाही जळतो आणि वस्तूही.

आणि 'जगात एकूण मालच ठरावीक ठेवू' असा मोह झाला तर आधी अल्टिमा ऑनलाइनची गोष्ट ऐका. १९९७ चा गेम. सुरुवातीला त्यांनी अर्थव्यवस्था बंदिस्त आखली होती, एक वस्तू वापरली गेली की तेवढाच कच्चा माल जगात परत उगवणार. कागदावर देखणं. प्रत्यक्षात लोकांनी वस्तू वापरल्याच नाहीत, साठवून ठेवल्या. शर्टांचे ढीग, कातड्यांचे ढीग. परत येणारं काही उरलं नाही, जंगलं ओस पडली आणि शेवटी नळ उघडावा लागला, म्हणजे नवा माल जगात ओतावा लागला. ज्या गावाने भाव येईपर्यंत हळद पेवात ठेवली, तिथल्या लोकांना साठेबाजी मी काय समजावणार!

अजिंक्यताऱ्याखाली · संध्याकाळी ६:१०

शंकासुरांना +१. यात अल्बियन ऑनलाइनची भर घालतो. बर्लिनच्या एका स्टुडिओचा गेम, २०१७ मध्ये आला, २०२१ पासून मोबाइलवरही आहे. तिथे जवळपास सगळी हत्यारं-चिलखतं खेळाडूच बनवतात. मग राक्षस मारल्यावर त्याच्याकडून तलवार कशी मिळते? तर कार्लिऑन नावाच्या शहरात एक काळा बाजार आहे, तिथे खेळाडू आपला माल विकतात आणि तोच माल पुढे राक्षसांच्या अंगावरून निघतो. तुम्हाला मिळालेली तलवार कधीतरी कोणीतरी भट्टीवर ठोकलेली असते. आणि धोक्याच्या भागात मेलात तर पिशवीतल्या काही वस्तू लुटणाऱ्याला मिळतात आणि काही जागीच नष्ट होतात. लोहाराला कायम काम.

तेव्हा हळकुंड, मेल्यावर माल जाऊ द्या. पेवात मेला तर माल पेवात. हवा असेल तर परत कंदील घेऊन उतरा. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये स्वतःचं प्रेत शोधायला जाणं हाच एक खेळ होता.

वैदू_पाटील · संध्याकाळी ६:४५

चाचणीतला वैदू मी. सातारकर भाऊ, तुम्ही लांबून बोलताय. पेवात आधी वैदूच मरतो, कारण ढालवाला मोबाइलवर आलेला फोन घेतो. दुसऱ्याच्या फोनपायी माझी मुळी-जडीबुटीची पिशवी जाणार असेल तर मी खेळणार नाही. मी दिवसभर दुकानात उभा असतो, रात्री एक तास मिळतो.

अजिंक्यताऱ्याखाली · संध्याकाळी ६:५२

ढालवाल्याला बदला की राव.

वैदू_पाटील · संध्याकाळी ६:५४

तो माझा सख्खा भाऊ आहे.

मिरजेची_डॉक्टर · रात्री ९:२०

मिरजेची आहे, म्हणजे डॉक्टर आहे हे वेगळं सांगायला नको.

थोडं अवांतर. गेममध्ये रोगराई वगैरे आणायचा विचार असेल तर आमच्या क्षेत्रातही गाजलेलं प्रकरण सांगते. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये हक्कार नावाचा बॉस, म्हणजे बडा राक्षस, आला. तो खेळाडूंना एक संसर्गजन्य शाप द्यायचा, 'करप्टेड ब्लड'. तो शाप त्या लढाईच्या जागेपुरताच राहावा अशी योजना होती. पण शिकारी लोकांचे पाळीव प्राणी शाप लागलेल्या अवस्थेतच मालकांनी गायब करून ठेवले आणि नंतर भर शहरात बाहेर काढले गेले. झालं, साथ पसरली. नवखे खेळाडू पटापट मेले. दुकानदार प्रोग्राम असल्याने ते मरत नव्हते, पण शाप पुढे देत होते, अगदी लक्षणं नसलेल्या रोगवाहकासारखे. काही वैदू मदतीला धावले, काहीजण मुद्दाम साथ घेऊन गर्दीत शिरले. शेवटी कंपनीला सर्व्हर रीसेट करावे लागले. २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये यावर लोफग्रेन आणि फेफरमन यांचा लेख आला.

तुमच्या कंदिलाचा परिणाम पेवाच्या बाहेर येतो का? बारीक ज्योत घेऊन कोणी घाटावर आला तर तिथल्यांचा दम कमी होतो का? बघून घ्या.

हळकुंड · रात्री ९:३१

आत्ता बघितलं. होतो. 🙏

भडंगप्रेमी · रात्री ९:३३

मी परवा घाटावर धापा का टाकत होतो ते आज कळलं.

वेलांटी · रात्री १०:१५

धागा बाजारावर गेलाय, पण एक विचारते: नावं आणि गप्पा देवनागरीत आहेत ना? मागे एका मराठी गेमवर काम करत होते. तिथल्या इंजिनात वेलांटी अक्षराच्या मागे पडायची आणि जोडाक्षरं सुटी दिसायची. 'क्षत्रिय' लिहिलं की पाय मोडल्यासारखा दिसायचा. गोडो ४ मध्ये हार्फबझ (अक्षरं नीट जुळवून दाखवणारा प्रोग्राम) आहे, त्यामुळे तो त्रास नसावा.

पण नावांत दुसरी गोम आहे. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता. दिसायला हुबेहूब, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावं. शिवाय न दिसणारी जोडचिन्हं असतात, ती घुसडून 'हळकुंड' नावाचा दुसरा हळकुंड तयार होतो आणि तो अॅडमिन म्हणून लोकांकडून मोहरा मागतो. नाव साठवण्याआधी नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच रूपात आणा, आणि जिथे जोडचिन्हाचं काम नाही तिथून ते काढून टाका.

सर्व्हरमामा · रात्री १०:२२

वेलांटीताई, हे माझ्या यादीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

हळकुंड · रविवार, सकाळी ११:००

रात्री तिघं बसलो. ठरलं ते असं.

दुकानदार आवक बघणार. कातडं साचलं की भाव सहावरून उतरत एकापर्यंत येणार आणि तासातासाने हळूहळू सावरणार. आधी आम्ही दुकानदाराला रोजची ठरावीक थैली द्यायची म्हणत होतो, पण मग सकाळी मोकळी असलेली कॉलेजची पोरं थैली उपसणार आणि वैदू पाटलांसारखा रात्री येणारा माणूस कोरडाच राहणार. म्हणून थैली रद्द. पेठेतल्या विक्रीवर ५ टक्के कापणार, आणि ते जळणार. (अडत्याचा पोरगा, तुझ्या नावाने पेठेत एक पेढी टाकतोय, पण तिला एक मोहरही मिळणार नाही.)

मोठा बदल तेलात. सगळ्यांनाच पेवात उतरावं लागतं आणि तेल फक्त पेठेतच मिळतं, तेव्हा मोहरा जाळायची जागा आमच्याकडे आधीपासून होतीच, फक्त दोन मोहरांत काय जळणार? आता पेव जितकं खोल तितकं भारी तेल लागणार. वरच्या पेवांना साधं, दोन मोहरांचंच, म्हणजे नवख्याला झळ नाही. खालच्या पेवांतलं तेल महाग, आणि तिथे वेताळही मोठा, मालही मोठा. राक्षसांचा माल निम्मा करायची गरज उरली नाही.

मेल्यावर माल जाण्यावर आमच्यात भांडण झालं, मिटलेलं नाही. सध्या खालच्या तीन पेवांतच मेल्यावर पिशवी तिथे राहील, अंगावरची हत्यारं शाबूत. वैदू पाटील वरच्या पेवांत निर्धास्त.

जुन्या मोहरांचं काय करायचं ते मात्र सुचत नाही. सगळं पुसून नव्याने सुरू केलं तर पोरं चिडतील. मावसबहिणीने तर आत्ताच घरी येऊन दम दिलाय.

शंकासुर · सकाळी ११:४०

पुसू नका. जुन्या मोहरांवर मिरवायच्या वस्तू विका. ताकद अजिबात नको, नुसती शोभा. घाटावर स्वतःच्या नावाची पायरी, रंगीत फेटा, नक्षीचा कंदील. बहिणीला पेवाच्या तोंडाशी पक्कं दुकान विका, आणि किंमत तिच्याकडच्या मोहरा बघूनच ठरवा.

अडत्याचा_पोरगा · दुपारी १२:१०

पेढीला मोहर न्हाई तर न्हाई, पाटी तरी मोठी लाव. आणि साताऱ्याच्या भावाला वरच्या पेवात बंदी घाल, खालीच मरू दे.

वैदू_पाटील · दुपारी १२:४५

पुढची चाचणी कधी? भावाचा फोन आईकडे ठेवून येतो.

हळकुंड · दुपारी १:०२

येत्या शनिवारी रात्री नऊला. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच नाव लिहा, दुवा निरोपातून पाठवतो. कंदीलवाले कमी पडतात, जमल्यास तेच व्हा.